पोशाख हा अपराध काय?
इ. स. १९४३ च्या जूनमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी आरमारी खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांस रस्तोरस्ती गाठून मारिले व त्यांचे कपडे फाडिले. निमित्त काय, तर लांब कोट व घोळदार विजारीचा ‘झूट सूट’! युद्धकाळी कापडाची ही उधळपट्टी देशद्रोहाची खूण म्हणे. परंतु साध्या वेषातील तरुणही मारातून सुटले नाहीत, आणि पोलिसांनी पकडिले ते बहुधा मार खाणारांसच. पुढे गव्हर्नरांच्या समितीनेही वंशद्वेष हे एक मुख्य कारण मानिले. ज्यांस समाज खालच्या पायरीवर उभे करितो त्यांनी ऐटीने मान वर केली, हाच खरा अपराध! तरुणांच्या वेषास नावे ठेवणारांनी त्यामागील अपमान प्रथम पाहावा.