जाती, जीववैज्ञानिक

सजीवांच्या वर्गीकरणातील मूलभूत एकक. निसर्गात परस्परांत प्रजनन करणाऱ्या आणि अशा इतर समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहणाऱ्या जीवांच्या समूहास सामान्यतः जाती म्हणतात. ही व्याख्या सर्वांत अधिक प्रचलित असली, तरी ती सर्वच सजीवांना लागू पडत नाही आणि सर्वमान्य अशी एकच व्याख्या अद्याप झालेली नाही. असे असूनही जीवविज्ञानातील बहुतेक विधाने जातीविषयीचीच असतात. वाघिणीचा गर्भावधी, नागाच्या विषाचे स्वरूप, भाताच्या गुणसूत्रांची (आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणाऱ्या कोशिकेतील सूक्ष्म घटकांची) संख्या यांसंबंधी काही सांगताना ते एखाद्या विशिष्ट प्राण्यास किंवा रोपास उद्देशून नसते. एका नमुन्यावरील निरीक्षण दुसऱ्यास लागू करता येते, ते दोन्ही एकाच जातीचे आहेत या गृहीतावर. हे गृहीत चुकल्यास निष्कर्षही चुकतो व त्याची किंमत कधीकधी मोठी असते.

व्यवहारात ‘जात’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. हापूस, पायरी, केसर व तोतापुरी यांना आंब्याच्या जाती म्हणण्याचा प्रघात आहे परंतु ते सर्व मँजिफेरा इंडिका या एकाच जातीचे लागवडीतील प्रकार असून त्यांस ‘वाण’ म्हणणे योग्य ठरते. रब्बी ज्वारीतील ‘मालदांडी’ हेही एक वाणच होय. कोबी, फुलकोबी व नवलकोल यांच्यात वरकरणी काहीच साम्य दिसत नाही तथापि त्या तिन्ही ब्रॅसिका ओलेरॅसिया या एकाच जातीतून माणसाने निवडीने निर्माण केलेल्या भाज्या आहेत. उलटपक्षी, सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे न ओळखता येणारे दोन डास भिन्न जातींचे असू शकतात. दृश्य साम्य वा भेद हा जातीचा केवळ पुरावा होय, ती जातीची व्याख्या नव्हे.

परिभाषेतील आणखी एक घोटाळा येथेच नोंदविणे इष्ट आहे. परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींचा जो वरच्या पायरीचा गट करतात, त्याला मराठी शास्त्रीय लेखनात ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’ म्हणतात. वड, पिंपळ व उंबर या तीन भिन्न जाती फायकस या एकाच प्रजातीत मोडतात. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ हा शब्द सामान्यतः जातीसाठीच रूढ आहे आणि वृत्तपत्रीय मराठीनेही तो त्याच अर्थाने उचलला आहे. त्यामुळे ‘एक प्रजाती नष्ट झाली’ असे वाचनात आल्यास एक जाती नष्ट झाली, की तिच्यासह सर्व सगोत्र जाती नष्ट झाल्या, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

इतिहास : जातीची वैज्ञानिक कसोटी प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय इंग्रज निसर्गवैज्ञानिक जॉन रे यांना देतात. एकाच वनस्पतीच्या बियांपासून वाढलेल्या रोपांत कितीही फरक दिसले, तरी ते जातिभेदाचे निदर्शक मानू नयेत, असे त्यांनी १६८६ मध्ये प्रतिपादन केले. हापूसच्या कोयीपासून वाढलेल्या झाडाला हापूसच येईल अशी खात्री नसते, म्हणूनच त्याची कलमे करतात परंतु त्या कोयीपासून आंब्याचेच झाड येते, हे निश्चित. रे यांच्या कसोटीचा आशय हाच होय. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींसाठी व १७५८ मध्ये प्राण्यांसाठी द्विपद नामपद्धती सुसूत्रपणे वापरली. तीत पहिले पद प्रजातीचे व दुसरे त्या प्रजातीतील जातीचे दर्शक असते. उदा., वडाचे नाव फायकस बेंगालेन्सिस, तर पिंपळाचे फायकस रिलिजिओजा. नाव ज्या नमुन्यास जोडलेले असते, तो प्ररूप नमुना संग्रहालयात किंवा वनस्पतिसंग्रहात जतन करतात आणि पुढे वाद उपस्थित झाल्यास त्याच्याशी ताडून पाहतात. हा नमुना जातीतील सर्वांत प्रातिनिधिक असतो, अशी एक समजूत आहे पण ती बरोबर नाही. त्याचे काम नाव निश्चित करण्यापुरतेच असते.

लिनीअस यांच्या मते जाती निर्मितीपासून जवळजवळ स्थिर होत्या. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ मधील ग्रंथाने या कल्पनेस धक्का दिला. प्रकार म्हणजे निर्माण होऊ घातलेली जाती, असे मानल्यावर दोहोंतील भेद प्रतीचा न राहता प्रमाणाचा ठरतो. मग त्यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा प्रश्न उरतो. थीओडोसियस डॉबझॅन्स्की (१९३७) व अर्न्स्ट मायर (१९४२) यांनी तिचे उत्तर प्रजननात शोधले. आरंभी दिलेली व्याख्या मुख्यतः मायर यांची असून ती ‘जीववैज्ञानिक जातिसंकल्पना’ म्हणून ओळखली जाते. [⟶ क्रमविकास].

प्रजननात्मक अलगीकरण : दोन जातींत संकर होऊ न देणाऱ्या गोष्टी अनेक प्रकारच्या असतात. प्रजननाचा हंगाम, वसतिस्थान, मादीला आकर्षित करणारा आवाज किंवा गंध यांतील भिन्नतेमुळे मीलनच घडून येत नाही. मीलन झाले, तरी गर्भ जगत नाही किंवा संतती वंध्य निपजते. घोड्याची गुणसूत्रे ६४ व गाढवाची ६२ असल्याने खेचरात ती ६३ येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत व खेचर जवळजवळ नेहमीच वंध्य असते. मात्र ‘संकर होतो, म्हणून जाती एकच’ असा सरळ निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. सिंह व वाघ यांचे संकरज प्राणिसंग्रहालयात झालेले आहेत. भारतात पूर्वी या दोन प्राण्यांचे वसतिप्रदेश काही भागांत एकमेकांत मिसळलेले होते, तरी निसर्गात त्यांचे संकरज आढळल्याची विश्वासार्ह नोंद नाही. बंदिस्त अवस्थेत काय घडू शकते यापेक्षा मोकळ्या निसर्गात काय घडते, याला व्याख्येत महत्त्व आहे.

सहोदर जाती : बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पण परस्परांत प्रजनन न करणाऱ्या जातींस सहोदर जाती म्हणतात. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्यांनी १७६८ मध्ये तोवर एकच समजल्या जाणाऱ्या लहान पर्णवटवट्या पक्ष्यांत तीन जाती असल्याचे मुख्यतः त्यांच्या आवाजांवरून ओळखले होते. पक्ष्यांच्या बाबतीत हा अभ्यासकाच्या आस्थेचा विषय झाला. डासांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा ठरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात हिवतापाच्या अभ्यासकांपुढे एक कोडे होते. ॲनॉफेलीस मॅक्युलिपेनिस हा डास हिवतापाचा वाहक असल्याचे सिद्ध झाले होते, परंतु अनेक प्रदेशांत हा डास विपुल असूनही हिवताप नव्हता. इटलीतील डोमेनीको फालेरोनी यांनी या डासाच्या अंड्यांवरील नक्षी निरनिराळ्या प्रकारची असते आणि एका मादीची अंडी एकाच नक्षीची असतात, असे १९२६ मध्ये दाखवून दिले. पुढील काही वर्षांत असे दिसून आले की, एक जाती समजला गेलेला हा डास म्हणजे अनेक जातींचा समूह आहे. त्यांपैकी काहींचा ओढा गुरांच्या रक्ताकडे असतो, तर लॅब्रँचिई ही जाती माणसास चावते आणि किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातही वाढते. रोग कोठे आहे व कोठे नाही, याचा उलगडा हवामानाने किंवा दारिद्र्याने पुरता झाला नव्हता. तो अंड्यांच्या नक्षीवरून झाला.

भारतातही असेच घडले. ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस हा एकाच जातीचा समजला जात असे. त्याच्या अंडकोशातील परिचारक कोशिकांमधील महागुणसूत्रांवरील पट्ट्यांचा क्रम तपासल्यावर त्यात परस्परांत प्रजनन न करणाऱ्या दोन जाती असल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. आज अशा पाच जाती मानतात व त्यांस ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरेच दिलेली आहेत. प्रौढ डास पाहून त्या ओळखता येत नाहीत. यांपैकी ‘बी’ ही जाती भारतात हिवतापाचा प्रसार जवळजवळ करीत नाही, तर इतर जाती करतात. एखाद्या गावात सापळ्यात शेकडो डास सापडले, तरी ते सर्व ‘बी’ असल्यास धोका अल्प असतो. ते ‘सी’ असल्यास थोडे डासही पुरेसे होतात. फवारणीचा खर्च कोठे करावयाचा, हा प्रश्न अशा ठिकाणी वर्गीकरणविज्ञानाशी येऊन भिडतो. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातील कोरडे नामकरण, असा जो समज आहे, त्याला हे उत्तर पुरेसे आहे. [⟶ हिवताप].

सीमेवरील उदाहरणे : जाती हळूहळू निर्माण होत असल्याने काही समूह अर्धवट विभागलेल्या स्थितीत सापडणे अपरिहार्य आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रातही येणारा हिरवट पर्णवटवट्या हा याचा प्रसिद्ध दाखला होय. तिबेटच्या पठाराभोवती वलयाकार पसरलेल्या त्याच्या प्रजननक्षेत्रात हिमालयापासून पश्चिमेकडून व पूर्वेकडून उत्तरेस जाताना गाण्यात व रंगात क्रमशः बदल होत जातो आणि मध्य सायबीरियात ही दोन टोके एकत्र येतात, तेथे ते पक्षी परस्परांत प्रजनन करीत नाहीत. लगतचे समूह एकमेकांशी जोडलेले, टोके मात्र तुटलेली, अशा या साखळीस एक जाती म्हणावे की दोन, याचे समाधानकारक उत्तर मायर यांच्या व्याख्येतून मिळत नाही. या साखळीत भूतकाळी खंड पडले होते, असे अलीकडील जननिक संशोधनावरून दिसते त्यामुळे हा दाखला पूर्वी वाटला तितका निर्दोष राहिलेला नाही.

याउलट, वनस्पतींत नवी जाती एकदोन पिढ्यांतही निर्माण होऊ शकते. दोन जातींचा संकर होऊन गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाल्यास संकरज प्रजननक्षम होतो, परंतु आईबापांशी त्याचा संकर सफल होत नाही. २० व १६ गुणसूत्रे असलेल्या ब्रॅसिकाच्या दोन जातींपासून ३६ गुणसूत्रांची राई (ब्रॅसिका जुन्सिया) झाली, हे नागाहारू ऊ यांनी १९३५ मध्ये स्पष्ट केले. पोळीचा गहू (४२ गुणसूत्रे) हा खपलीसारख्या २८ गुणसूत्रांच्या लागवडीतील गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानटी गवताशी संकर होऊन उत्पन्न झाला आहे.

इतर संकल्पना : अलैंगिक रीत्या वाढणाऱ्या जीवांना प्रजननाची कसोटी लावताच येत नाही. जंतूंमध्ये दूरच्या गटांतही जनुकांची देवघेव होते तेथे जीनोमांतील सरासरी साम्य सु. ९५ टक्के वा अधिक असल्यास एक जाती, असा व्यावहारिक संकेत पाळतात. जीवाश्मांच्या (शिळारूप अवशेषांच्या) बाबतीत केवळ हाडांच्या आकारावर विसंबावे लागते. निअँडरथल मानव ही स्वतंत्र जाती होती की नाही, हा जुना वाद आहे. आफ्रिकेबाहेरील आजच्या मानवांच्या जीनोमात त्याचा अल्प अंश असल्याचे २०१० मध्ये दिसून आले आणि वाद मिटण्याऐवजी अधिकच गुंतागुंतीचा झाला. सामाईक पूर्वज व स्वतःची ओळखता येण्याजोगी लक्षणे असलेला लहानात लहान समूह म्हणजे जाती, असे मानणारी जातिवृत्तीय संकल्पना अशा ठिकाणी सोयीची पडते. मात्र डीएनएमधील प्रत्येक स्थानिक फरकास जातीचा दर्जा देत गेल्यास निसर्गात वाढ न होता केवळ नावांचीच वाढ होते, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे.

संरक्षणाच्या कायद्यांत प्राण्यांची नावे प्रायः जातीनुसार नोंदलेली असतात भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची याच स्वरूपाच्या आहेत. आफ्रिकी हत्ती एकच जाती समजून त्याची गणना ‘असुरक्षित’ या वर्गात होत असे. गवताळ प्रदेशातील व जंगलातील हत्ती या भिन्न जाती असल्याचे मान्य करून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०२१ मध्ये त्यांचे स्वतंत्र मूल्यमापन केले, तेव्हा पहिला ‘संकटग्रस्त’ व जंगलातील हत्ती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. जंगलातील हत्तींची घट तोवर एकत्रित आकड्यांत झाकली गेली होती. जिराफाच्या चार जाती असल्याचे याच संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले.