धावपट्टी जेवढी, तेवढं विमान

हुबळी स्टेशनचा १५०७ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब आहे, हे आता आमच्याकडची शाळकरी पोरंही सांगतात. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण गोकुळ रोडवरच्या विमानतळाची आधीची धावपट्टी साधारण १६७० मीटरची होती, म्हणजे या फलाटाहून जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटर लांब, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. विमानांचे प्रकार समजून घ्यायचे तर पुस्तकातली वर्गवारी बाजूला ठेवून या पट्टीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. एखाद्या गावात कुठलं विमान यायचं हे कंपनी मागाहून ठरवते. आधी धावपट्टी ठरवते.

विमान उडतं ते पंखांमुळे. पंखावरून हवा पुरेशा वेगानं वाहिली की ती विमानाला वर उचलते. इंजिनाचं काम तो वेग मिळवून देणं. विमान जितकं जड तितका वेग जास्त लागतो, आणि वेग धरायला अंतर लागतं. त्यात हुबळीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ६६० मीटर उंचीवर. उंचीवरची हवा विरळ, एप्रिलच्या दुपारी तापली की आणखी विरळ. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. जे विमान मंगळूरहून आरामात उठेल, त्याला आमच्याकडे जास्त पळावं लागतं.

धावपट्टीच्या दोन टोकांना ०८ आणि २६ असे ठसठशीत आकडे रंगवलेले असतात. होकायंत्रावरची दिशा अंशांत घेऊन शेवटचं शून्य गाळलं की हे आकडे मिळतात: ८० अंश आणि २६० अंश, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम. विमानाला चढता-उतरताना वारा समोरून हवा असतो. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की विमानं शहराच्या अंगानं खाली येतात, आणि कमरीपेठेतल्या गच्च्यांवरून ती चांगली ओळखता येतात. पोरांना घेऊन गच्चीवर जावं आणि पुढे सांगतो त्या खुणा दाखवाव्यात.

हा विमानतळ १९७४ साली राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं बांधला आणि १९९६ मध्ये तो विमानतळ प्राधिकरणाकडे आला. गावाला त्याची खरी ओळख झाली ती ऑगस्ट २००३ मध्ये. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त विमानसेवेचा श्रीगणेशा केला तो हुबळी-बंगळूर मार्गावर. तोवर बंगळूर म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स नाहीतर रेल्वे. डेक्कनकडे विमानं होती एटीआर जातीची, फ्रान्स आणि इटली यांनी मिळून बनवलेली. ओळखायची खूण सोपी: पंख अंगाच्या वरच्या बाजूला, आणि दोन्ही पंखांवर फिरणारे पंखे. प्रवाशांचा दरवाजा शेपटीकडे असतो, सामान पुढे भरतात, त्यामुळे पुढचं सीट मिळालं म्हणून आधी उतरता येईल या भ्रमात कुणी राहू नये.

या पंख्याच्या विमानांना टर्बोप्रॉप म्हणतात. पुष्कळांना वाटतं की पंखा दिसला म्हणजे विमान जुनाट. तसं मुळीच नाही. आतलं इंजिन जेटसारखंच गॅस टर्बाइनचं असतं, फक्त त्याची बहुतेक ताकद पंखा फिरवण्यात जाते. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, जेटचा आठशेच्या वर. पण हुबळी-बंगळूर हे हवेतलं अंतर साडेतीनशे-चारशे किलोमीटरचं. जेट वर चढून स्थिरावतं न स्थिरावतं तोच त्याला उतरायला लागावं लागतं. एवढ्या पल्ल्यावर जेटचा फायदा थोड्या मिनिटांचा, इंधन मात्र बरंच जास्त. शिवाय एटीआर ७२ ला तेराशे-चौदाशे मीटरची पट्टी पुरते. जुन्या हुबळीला शोभेल असंच हे विमान.

यात आणखी एक गंमत आहे, ती हिशेबाची. देशांतर्गत नियमित सेवेतल्या, ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना आपल्याकडे लँडिंग चार्ज माफ आहे. आता आकडे पाहा. इंडिगोच्या एटीआर ७२ मध्ये ७८ आसनं, स्पाइसजेटच्या क्यू-४०० मध्ये ७८, आणि स्टार एअरच्या एम्ब्रेयर १७५ मध्ये ७६. शिवाय ४० टनांखालच्या विमानांना इंधनावरचा विक्रीकरही सवलतीचा. छोट्या गावांच्या विमानसेवेत इंजिनिअरइतकाच मोठा वाटा कर-सल्लागाराचाही आहे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

डेक्कन पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली. पाठोपाठ स्पाइसजेटची कॅनडाची क्यू-४०० विमानं येऊ लागली. एटीआरसारखीच दिसणारी, पण अंगानं लांब आणि जास्त वेगवान. मार्च २०१५ मध्ये बंगळूरहून आलेलं असंच एक क्यू-४०० पावसात उतरताना धावपट्टीच्या बाजूला घसरलं. जीवितहानी झाली नाही.

धावपट्टी वाढवून २६०० मीटरची केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये नवं टर्मिनल खुलं झालं, तिथून चित्र पालटलं. २०१८ पासून एअरबस ३२० जातीची विमानं येऊ लागली. पंख अंगाच्या खालच्या बाजूला, त्याखाली लोंबणारी दोन जाड इंजिनं, आत १८० च्या आसपास माणसं. ही टर्बोफॅन इंजिनं. तोंडाशी दिसणारा मोठा पंखा पिंपासारख्या आवरणात बंद असतो आणि ओढलेली बहुतेक हवा न जळता, बाहेरच्या बाजूनं मागे ढकलली जाते. आवाज कमी आणि इंधन वाचतं ते त्यामुळे.

जानेवारी २०१९ मध्ये तिसरी जात आली, आणि तीही मराठी माणसाच्या हातून. कोल्हापूरकडच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरनं बंगळूर-हुबळी मार्गावर सेवा सुरू केली. विमान ब्राझीलचं एम्ब्रेयर १४५, पन्नास आसनांचं, पेन्सिलीसारखं सडपातळ, दोन्ही इंजिनं शेपटीजवळ. एका बाजूला एकच सीट, दुसऱ्या बाजूला दोन, त्यामुळे मधल्या सीटवर अंग चोरून बसण्याचा प्रश्नच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे छोटं जेट हुबळीहून थेट दिल्लीजवळच्या हिंडनला जाऊ लागलं. एवढ्या लांबच्या पल्ल्यावर एटीआर प्रवाशांचा जीव मेटाकुटीला आणतं आणि १८० आसनी विमान भरेलच याची खात्री नसते. मधल्या जागेसाठीच हे रिजनल जेट असतं.

बाकीच्या जाती हुबळीकरांना बाहेर भेटतात. दोन मार्गिका असलेली रुंद विमानं, बोइंग ७८७ वगैरे, मुंबई-बंगळूरला. हेलिकॉप्टरला धावपट्टीच लागत नाही, म्हणून जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींवर कामगार त्यातूनच जातात. मालवाहतुकीला वेगळी विमानं असतात खरी, पण बराच माल प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातो, तुमच्या पायाखाली.

आपल्या भागाचा विमानांशी संबंध मात्र २००३ पेक्षा फार जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं. ते पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं नेव्हिल विंटसेंट यांनी. विमान होतं एका इंजिनाचं पुस मॉथ, आणि त्याला पुरत असे सपाट मैदान. बेळगावचं सांबरे दुसऱ्या महायुद्धातलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी हंटर विमानांनी सांबऱ्याहूनच उड्डाण करून बांबोळीचं रेडिओ केंद्र निकामी केलं. आणि आजची गोष्ट म्हणजे, हायवेनं कोल्हापूरला जाताना बेळगावच्या पुढे हत्तरगी लागतं. तिथल्या एक्वस कंपनीच्या वसाहतीत एअरबससाठी सुटे भाग घडवले जातात. गच्चीवरून आपण बघतो त्या विमानांच्या कंपनीला भाग पुरवणारा शेजारच्याच जिल्ह्यात आहे, आणि आयटीआय झालेल्या आपल्या पोरांनी ही वाट जरूर चाचपून पाहावी.

मार्च २०२४ मध्ये हुबळीच्या आणखी एका नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. टर्मिनल देखणं व्हावं, कुणाला नको आहे? पण वंदे भारत आता धारवाडहून साडेसहा तासांच्या आसपास बंगळूरला पोचते. स्टेशन गावात, विमानतळावर मात्र तासभर आधी जाऊन बसायचं. बंगळूरच्या प्रवाशासाठी रेल्वे हा विमानाचा तगडा स्पर्धक झाला आहे. म्हणून माझ्या मते हुबळीनं विमानं मागावीत ती दिल्ली, मुंबई, हैदराबादची. तुम्हीही पुढचं तिकीट काढताना भाड्याच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं विमानाचं नाव वाचा. एटीआर असेल तर केबिन बॅग लहान घ्या, वरचे कप्पे आखूड असतात.