लाल मणी

बंग दांपत्याच्या गडचिरोलीतल्या कामावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय, की त्यांचं तिथलं शोधग्राम, दारूबंदीचा लढा, २०१८ ची पद्मश्री हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. माझं मन मात्र कित्येक वर्षं त्यांच्या एका छोट्या उपकरणापाशी अडलं आहे. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, बस्स. नाव श्वासमापक.

बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे गावात कसं ओळखायचं? श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले, तर धोका. डॉक्टरला हे सोपं. पण बाळाजवळ असते ती दाई, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू खाली पडायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, की न्यूमोनिया. तान्ह्या बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. निरक्षर बाईला आकडे शिकवत बसण्याऐवजी आकडेच तिच्या बोटांत दिले. मला यात फार मोठा आदर दिसतो. तिला कमी लेखणाऱ्याला हे सुचलंच नसतं.

१९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बंग दांपत्याचा न्यूमोनियावरचा शोधनिबंध आला. ५८ गावांत दाया, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी उपचार केले. ४४ गावं तुलनेसाठी होती. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या दर शंभर मुलांमागे एकही मृत्यू धड भरत नव्हता, ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के. औषध कोणतं, तर स्वस्तातलं को-ट्रायमोक्साझोल.

ही गावं सगळी आदिवासी नव्हती. गोंडांचा मुलूख धानोरा तालुक्याकडे सुरू होतो, आणि तिथं लोकांनीच डॉक्टरांना दवाखान्याचं शास्त्र शिकवलं. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. तिथं बरं व्हायला कोण येईल, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मग शोधग्रामचा दवाखाना गोंडी झोपड्यांच्या धर्तीवर उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. इमारतीच्या नकाशावर रुग्णाचा शब्द चालल्याची उदाहरणं आपल्याकडे किती सापडतील?

पुढची पायरी नवजात बाळांची. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप पाहायच्या, गारठलेल्या बाळाला उबेत ठेवायच्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायच्या. आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली, घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरच्यांच्या संमतीनं स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधले आकडे असे: जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानानं, एकूण नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

वाद पेटला तो या इंजेक्शनवरून. सातवी शिकलेली बाई कोवळ्या जिवाला सुई टोचणार? शंका रास्त होती. चुकीच्या मात्रेत जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानांना इजा करतं. पण ती सुई टोचली नाही तर त्या घरात दुसरं कोण येणार होतं, हा प्रश्न तितक्याच जोरानं विचारला गेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी दवाखान्यात उपचार फुकटच असतात. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या ओल्या बाळंतिणीला त्या फुकटाचा काय उपयोग? बुडालेली मजुरी, गाडीभाडं, घरी राहिलेली दुसरी पोरं, ही किंमत कुठल्याच केसपेपरवर लिहिलेली नसते.

देशानं या कामातलं बरंच उचललं. २०११ पासून घरोघरी नवजात बालकाची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आज जालना जिल्ह्यातल्या धावड्याच्या बाळंतिणीकडेही आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, असा नियम आहे. त्याचं मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे. इंजेक्शन मात्र आशाच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत ते उपकेंद्रातल्या नर्सला, म्हणजे एएनएमला, द्यायला परवानगी मिळाली. म्हणजे पुन्हा तेच, बाई उपकेंद्रात आणि बाळ पाड्यावर.

२०१८ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं देशातल्या १० कोटी ४० लाख आदिवासींच्या आरोग्याचा अहवाल केंद्राला दिला. लोकसंख्येच्या ८.६ टक्के माणसांच्या आरोग्याचा इतका सविस्तर हिशेब मांडायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं गेली.

अहवाल कागदावर राहतो, घरापर्यंत जाते ती आशाताईच. तुमच्या गावची आशाताई मोबदल्यासाठी तहसीलसमोर बसलेली दिसली, तर नुसतं बघून पुढं जाऊ नका. बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी सहा खेपा घालून तिला त्या कामाचे २५० रुपये मिळतात. तिचं मानधन वाढलं पाहिजे, तिला औषधं वेळेवर मिळाली पाहिजेत, आणि जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं नीट शिकवून, देखरेखीखाली, ती सुईही तिच्या हाती दिली पाहिजे.