35 आत, 72 बाहेर
स्विचच्या पोर्टवर ॲनलायझर लावला की स्क्रीनवर सेल धावू लागतात. सगळे एकाच मापाचे: 53 बाइट. पहिले 5 हेडरचे, उरलेले 48 माहितीचे. असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, म्हणजे एटीएम, या तंत्राची सगळी भिस्त या ठरलेल्या मापावर आहे. 155 मेगाबिटच्या लाइनवर एक सेल पावणेतीन मायक्रोसेकंदांत निघून जातो. त्यामुळे एखादं लांबलचक पॅकेट लाइन अडवून बसलंय आणि मागे कुणाचं बोलणं ताटकळतंय, अशी वेळ येत नाही.

48 हा आकडा तडजोडीतून आला. अमेरिकेला 64 हवे होते, युरोपला 32. मला युरोपचं म्हणणं पटतं. फोनवरच्या 64 किलोबिटच्या आवाजानं 64 बाइट भरायलाच 8 मिलिसेकंद लागतात, 32 ला 4. उशीर वाढला की आपलाच आवाज कानात परत येतो.

हेडरमध्ये मुक्कामाचा पत्ता नसतो. असतात व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन क्रमांक, आणि तेही फक्त त्या एका तारेपुरते. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेममध्ये अनेकांनी भरलेलं 0 आणि 35 ते हेच. स्विचच्या तक्त्यात मी एक ओळ टाकतो: पहिल्या पोर्टवरचा 0/35 तिसऱ्या पोर्टवर 0/72 होऊन जावा. ॲनलायझर आधी इकडे, मग तिकडे लावून पाहतो. आत 35, बाहेर 72. माहितीचे 48 बाइट जसेच्या तसे. वाट आधीच आखलेली असल्यानं स्विचला फक्त तक्ता पाहायचा असतो, आणि ते काम थेट चिप करते.

पाचवा बाइट मला सर्वांत आवडतो. तो आधीच्या चार बाइटांचा ताळा असतो. सेल कुठे सुरू होतो याची वेगळी खूण नसते. फायबर काढून पुन्हा लावली की रिसीव्हर एकेक बिट सरकत ताळा जुळतो का पाहतो. एकदा जुळणं योगायोगही असू शकतो, म्हणून पुढचे काही सेल सलग जुळल्यावरच तो सीमा पक्की मानतो.

छोट्या, ठरलेल्या मापाच्या सेलची किंमतही मोजावी लागते. 1500 बाइटांच्या पॅकेटचे 32 सेल होतात, म्हणजे तारेवर 1696 बाइट. त्यातला एक जरी गळला तरी अख्खं पॅकेट वाया. पण उरलेले 31 लाइन व्यापतच राहतात. म्हणून गर्दीच्या पोर्टवर मी अख्खं पॅकेट टाकून देण्याची सोय सुरू ठेवतो: रांग भरत आली की स्विच नव्या पॅकेटचा पहिला सेलही आत घेत नाही, आणि आधी आत आलेली पॅकेटं पूर्ण पोहोचतात.