रात्रपाळीची झोप कोणी मोजायची?

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, समुद्राला लागून मांद्रे हे गाव आहे. रात्र जागवण्याची या मुलखाला जुनी सवय. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार रंगावा, पहाटे दहीकाला व्हावा आणि मग घरोघर उशिरापर्यंत निजानीज असावी, हा येथला परिपाठ. त्या जागरणाची भरपाई गावच करून देत असे. अलीकडे तालुक्यात निराळे जागरण आले आहे. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो रात्रीही मिटत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतील आचारी, पहारेकरी, पर्यटकांची ने-आण करणारे टॅक्सीवाले हेही लोक निजण्याच्या वेळी कामाला लागतात.

पाळीचे काम आपल्या समाजाला नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु मोजले गेले ते कामाचे तास. झोपेचे कोणी मोजले नाहीत.

शरीराचे घड्याळ सूर्यावर चालते. पहाटे दोन ते सहाच्या सुमारास अंगातील उष्णता उतरते, लक्ष ढळते, हात मंदावतात. सकाळी घरी येऊन झोपावे, तर उन्हामुळे झोप तुटकच लागते. अनेक पाहण्या एकत्र करून अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा की, सकाळच्या पाळीपेक्षा रात्रपाळीत अपघाताचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई, रक्तात शंभर मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असेही प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! मद्य तपासण्याचे यंत्र पोलिसांपाशी असते. पेंग तपासण्याचे नसते. पाळी संपवून पहाटे दुचाकीवर घरी निघालेल्याला ताशी ५० किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी पन्नासाहून अधिक मीटर आंधळी धावते.

याच किनारपट्टीवर, मंगळूरला, २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. मुख्य वैमानिक प्रवासात दीड तासाहून अधिक झोपला होता आणि जागे झाल्यावरही गुंगी पुरती उतरली नव्हती, असे चौकशीत नमूद झाले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम २०२५ मध्ये अधिक कडक झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्री विमान उतरवण्याच्या संख्येवर बंधन आले. त्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात आणि देशभर उड्डाणे रद्द झाली. लोकांचे हाल झाले खरे, तरी नियम योग्यच होता, असे आम्हांस वाटते. मात्र त्याच विमानात सामान चढवणाऱ्याच्या किंवा प्रवाशाला मांद्र्याला पोहोचवणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या झोपेचा असा हिशेब कोणी ठेवीत नाही.

मालकाने करण्याजोगे पुष्कळ आहे. पाळी बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदलावी. उलट क्रम शरीराला जड जातो. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटे पडायला जागा द्यावी. पहाटे घरी सोडायला वाहन द्यावे. चहा पाळीच्या पूर्वार्धातच बरा. शेवटच्या तासांतला पेला सकाळची झोप पळवतो.

उरलेला भाग घरच्यांचा. आमच्या वाचकांच्या घरांतूनही कोणी कारखान्यात, कोणी इस्पितळात रात्री काम करीत असतील. सकाळी नऊला निजलेल्या मुलाला दहाला उठवून बँकेत धाडले जाते, अकराला पाहुणे येतात म्हणून हाक मारली जाते, कारण तो 'दिवसभर घरीच असतो'. सुनेची रात्रपाळी असली तर तिला तेवढीही झोप मिळत नाही; आल्या पावली ती पोळ्यांना लागते.