फुलाचे ओझे

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पानगळीच्या दिवसांत गावोगावच्या हायस्कुलात ‘होमकमिंग’ साजरे होते. जुने विद्यार्थी शाळेत परततात, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना रंगतो, मुलांमधून राजा-राणी निवडले जातात. पूर्वी या दिवशी मुलगा मुलीला शेवंतीचे एक खरे फूल देत असे. आता फूल रेशमी कापडाचे झाले आहे. त्याला गुडघ्याखाली लोंबणाऱ्या फिती, घंट्या, टेडी अस्वल, दिवेसुद्धा लावतात. काही फुलांची किंमत शेकडो डॉलरांवर जाते. ज्या घराला हे परवडत नाही, तिथली मुलगी त्या दिवशी कुठे तोंड लपवत असेल?

पालकहो, हसण्याआधी आपल्याकडे पाहू. दहावीच्या निरोप समारंभासाठी आमच्या मुलींनी एकसारखे शरारे ठरवले. वर्गातली एक हुशार मुलगी आलीच नाही. “अम्मीला बरं नव्हतं,” ती नंतर म्हणाली. खरे कारण शेजारणीकडून कळले, तेव्हा आम्हा शिक्षकांच्या माना खाली गेल्या.

पुढच्या वर्षापासून आम्ही निरोप गणवेशातच देतो. फोटोत आता सगळ्या मुली असतात.