लंडनचा निकाल मालवणात चालतो का?

लंडन : सिंधुदुर्गातली मुलं नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडात येतात, लग्नं मात्र गावी लागतात. त्यांतली काही मोडतात आणि मग गावाकडून फोन येतो, ‘लंडनसून कागद इलो, सही करू काय?’ त्या एका सहीवर पुढची कितीतरी वर्षं अवलंबून असतात. म्हणून आजचं पत्र याच विषयावर.

पूर्वी इथेही घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष दाखवावा लागे किंवा वर्षानुवर्षं वेगळं राहावं लागे. टिनी ओवेन्स या बाईंचं लग्न 1978 सालचं. संसारात आपण सुखी नाही, हे कारण कायद्याला पुरेसं नव्हतं म्हणून 2018 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना घटस्फोट नाकारला. त्यावरून देशभर चर्चा झाली, कायदा बदलला आणि 6 एप्रिल 2022 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुणावरही आरोप न करता घटस्फोट मिळू लागला. लग्नाला वर्ष झालेलं असलं की एकट्याने किंवा दोघांनी मिळून ऑनलाइन अर्ज करायचा. 20 आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो, त्यानंतर सहा आठवडे उलटले की अंतिम आदेश. ‘मला घटस्फोट नको’ एवढं म्हणून तो थांबत नाही.

गावी येतो तो या अर्जासोबतचा पोच-फॉर्म. त्यात विचारलेलं असतं : अर्ज मिळाला का? हा खटला चालवायचा इथल्या कोर्टाला अधिकार आहे, हे तुम्हाला मान्य आहे का? अर्जाला हरकत घ्यायची आहे का? प्रश्न साधे दिसतात, पण ‘मान्य आहे’ वर खूण केली की पुढे भारतातल्या कोर्टात तीच खूण तुमची संमती म्हणून दाखवली जाऊ शकते.

त्याचं कारण 1991 च्या एका निकालात आहे. तिरुपतीला 1975 मध्ये लग्न झालेल्या नरसिंह राव यांनी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून घटस्फोट घेतला आणि दुसरं लग्न केलं. पत्नीने भारतात फिर्याद केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्यातल्याच कारणावर परदेशी कोर्टाने निकाल द्यायला हवा. किंवा समोरच्याने स्वखुशीने तिथे हजर होऊन लढत दिलेली हवी, नाहीतर संमती दिलेली हवी, असं न्यायालयाने सांगितलं. ‘संसार कायमचा मोडला’ एवढंच कारण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात नाही. म्हणून नवऱ्याने इथे एकतर्फी मिळवलेल्या कागदावर तो लंडनमध्ये मोकळा होतो, पण भारतातल्या कायद्याच्या नजरेत मालवणची बायको त्याची बायकोच राहू शकते.

दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल, तर गावी परस्पर संमतीचा अर्ज हा सरळ मार्ग. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यापुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. लग्न लागलं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टातही. मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे मात्र घटस्फोट होत नाही. जातीची रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते.

‘नांदायला ये, अशी नोटीस आली, नाही गेले तर तुरुंगात टाकतील का?’ हाही प्रश्न येतो. 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असं सुनावलं होतं. त्या डगमगल्या नाहीत. पुढे याच लंडनमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. ज्या इंग्लंडने नांदायला लावण्याचा हा दावा आपल्याकडे नेला, त्याने 1970 मध्ये कायदा करून तो रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 अजून आहे, मात्र आज त्यासाठी बाईला तुरुंग नाही. पण नोटिशीला उत्तर द्याच. कोर्टाने नांदण्याचा हुकूम दिला आणि वर्षभर पाळला गेला नाही, तर तेच घटस्फोटाचं कारण होतं.

इथे राहणाऱ्या लेकींना दोन गोष्टी. अंतिम आदेशाने पैशांचा निकाल लागत नाही. घर, बचत, पेन्शन यांचा वेगळा आदेश घ्या. इथलं कोर्ट घर सांभाळणाऱ्याचा वाटा कमावणाऱ्यापेक्षा कमी लेखत नाही. हिंदू विवाह कायद्यात मिळकतीच्या अशा वाटणीची तरतूद नाही, पोटगी मिळते. दुसरं, भांडण झालं म्हणून नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मूल घेऊन विमानात बसू नका. इथे तो गुन्हा ठरू शकतो.

गावच्या आई-बाबांना एकच विनंती : लंडनचा कागद आला तर तो कपाटात ठेवू नका आणि घाईने सहीही करू नका. आधी ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो.